पत्ता जुळला, पण माणूस तोच का?

जुन्या संदेशांच्या दप्तरातून नेमके काय बाहेर काढायचे, हे ठरवणारे नियम आजवर तंत्रज्ञांच्या चर्चेपुरते मर्यादित राहिले. आता संदेशसेवा एकमेकींना जोडल्या जात आहेत आणि मोबाइलवरील संवाद न्यायालयात पुरावा म्हणून सादर होत आहे. अशा वेळी या नियमांचा परिणाम सामान्य नागरिकापर्यंत पोहोचतो.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये संमत केलेल्या ‘डिजिटल मार्केट्स ॲक्ट’च्या सातव्या कलमाने मोठ्या संदेशसेवांना आपली दारे इतर सेवांसाठी उघडणे भाग पाडले. त्यानुसार नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्डीचॅट आणि हायकेट या दोन सेवांशी युरोपात संदेशांची देवाणघेवाण सुरू होत असल्याचे व्हॉट्सॲपने जाहीर केले. त्याच महिन्यात भारताच्या दूरसंचार विभागाने संदेशसेवा सक्रिय सिमकार्डाशी सतत जोडलेल्या असाव्यात, असे निर्देश दिले आणि त्यासाठी ९० दिवसांची मुदत घातली. युरोपात पत्त्यांभोवतीचे कुंपण सैल होत आहे, तर भारतात पत्ता सिमकार्डाला अधिक घट्ट बांधला जात आहे. दिशा परस्परविरुद्ध असल्या तरी दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. संदेशावर नोंदलेला पत्ता आणि त्यामागचा माणूस यांचे नाते कोणी आणि कसे ठरवायचे?

संदेश पाठवताना हा प्रश्न फारसा जाणवत नाही. तो उभा राहतो तो जुने संदेश शोधताना. ‘या व्यक्तीशी झालेला सगळा संवाद दाखव’ ही मागणी वरवर साधी वाटते. प्रत्यक्षात सर्व्हरला व्यक्ती ठाऊक नसते, ठाऊक असतो तो पत्ता. त्यातही आज बहुतेक सेवांमध्ये मजकूर दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो. सर्व्हरवर जतन झालेल्या अशा संदेशाचा मजकूर सर्व्हरला वाचता येत नाही. कुणाकडून, कुणाला आणि केव्हा एवढेच त्याच्या हाती उरते. म्हणजेच मजकूर जितका सुरक्षित, तितके शोधाचे ओझे पत्त्यावर अधिक. पत्ते जुळवण्याचा नियम त्यामुळे दप्तराच्या किल्लीचे काम करतो.

तीन भागांचा पत्ता

या नियमांचा सर्वांत खुला आणि तपशीलवार अनुभव ‘एक्सएमपीपी’ या संदेश-प्रोटोकॉलच्या वाटचालीत सापडतो. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये ‘जॅबर’ या नावाने तो लोकांपुढे आणला आणि २००४ मध्ये त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. गुगलची ‘टॉक’ ही सेवा २००५ मध्ये याच प्रोटोकॉलवर सुरू झाली. व्हॉट्सॲपची सुरुवातही याच घराण्यातील सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून झाली. ईमेलप्रमाणे येथेही कोणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो आणि एका सर्व्हरवरचा वापरकर्ता दुसऱ्या सर्व्हरवरच्या वापरकर्त्याशी बोलू शकतो. सेवा परस्परांना जोडल्यावर पत्त्यांचे काय होते, हे या मंडळींनी दोन दशकांहून अधिक काळ अनुभवले आहे.

एक्सएमपीपीचा पूर्ण पत्ता तीन भागांचा असतो. समजा, पत्ता आहे ‘सुलभा@उदाहरण.परीक्षा/मोबाइल’. यातील पहिला भाग खातेदाराचे नाव, दुसरा भाग सर्व्हरचे नाव आणि तिरप्या रेषेनंतरचा तिसरा भाग उपकरणाची खूण. पहिले दोन भाग मिळून होतो तो ‘मूळ पत्ता’. एकच सुलभा मोबाइलवरून, कार्यालयातील संगणकावरून आणि घरातील टॅबवरून एकाच वेळी बोलत असेल, तर तिचा मूळ पत्ता एकच राहतो आणि पूर्ण पत्ते तीन होतात.

शोध घेताना खरा प्रश्न येथे सुरू होतो. मूळ पत्ता दिला, तर तिन्ही उपकरणांवरचे संदेश यावेत का? पूर्ण पत्ता दिला, तर केवळ त्याच उपकरणाचे यावेत का? केवळ सर्व्हरचे नाव दिले, तर त्या सर्व्हरवरच्या प्रत्येकाशी झालेला संवाद यावा का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक माणसे ‘अर्थातच’ असे उत्तर देतील. तिसऱ्याला ‘अजिबात नको’ म्हणतील, किंवा ‘कधी कधी हवा’ असेही म्हणतील.

एका नियमाचे दोन अवतार

एक्सएमपीपीच्या संदेश-दप्तराचा जुना विस्तार, क्रमांक १३६, या बाबतीत उदार होता. पूर्ण पत्ता दिल्यास तेवढाच जुळावा, मूळ पत्ता दिल्यास त्याची सर्व उपकरणे जुळावीत आणि सर्व्हरचे नाव दिल्यास त्यावरचे सर्व खातेदार जुळावेत, असा त्याचा चढता क्रम होता. पत्ता जितका त्रोटक, तितके जाळे मोठे.

या नियमातील उणीव त्याच्या रचनाकारांच्याही लक्षात आली होती. सर्व्हर स्वतःही संदेश पाठवतो. देखभालीची सूचना, स्वागताचा मजकूर, एखादा इशारा असे हे संदेश असतात. ‘फक्त सर्व्हरने स्वतः पाठवलेले संदेश दाखव’ अशी मागणी या जाळ्यातून करताच येत नव्हती, कारण सर्व्हरचे नाव उच्चारताच हजारो खातेदार मध्ये येत. म्हणून ‘तंतोतंत जुळणी’ असा वेगळा संकेत जोडावा लागला. तो दिला की नियम आपला विस्तार सोडून देई आणि दिलेला पत्ता अक्षरशः तेवढाच घेई.

२०१२ मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या आणि पुढे जुन्याची जागा घेणाऱ्या विस्ताराने, क्रमांक ३१३ ने, हा पसारा आवरला. मूळ पत्ता दिला तर उपकरणाकडे दुर्लक्ष करावे आणि पूर्ण पत्ता दिला तर तंतोतंत जुळावे, हा त्याचा गाभा. संदेश पाठवणाऱ्याचा पत्ता जुळो वा मिळवणाऱ्याचा, दोन्ही चालतात, कारण संवाद दोन्ही बाजूंनी होत असतो.

हा साधेपणा स्वागतार्ह असला तरी त्यात एक सापळा आहे. आज अनेक ॲप पत्त्याचा तिसरा भाग स्वतःच, निरर्थक अक्षरे जोडून तयार करतात. ॲप पुन्हा बसवले की ती खूण बदलू शकते. पूर्ण पत्ता देऊन शोध घेणाऱ्याला मग एका उपकरणाच्या एका कालखंडातील संदेश मिळतील. उरलेला संवाद दप्तरात असूनही तो त्याच्यासमोर येणार नाही. काही सुटले आहे, हे त्याला सांगणारी कोणतीही सूचना येत नाही.

आपल्याच पत्त्याचा पेच

नियम सर्वांना सारखा लावला की तो कुठे तरी हास्यास्पद ठरतो. एक्सएमपीपीत तो क्षण आला स्वतःच्या पत्त्यापाशी. अनेक जण स्वतःलाच संदेश पाठवतात. किराणा मालाची यादी, पासबुकाचे छायाचित्र, उद्याच्या कामाची आठवण. हे संदेश शोधण्यासाठी सुलभाने स्वतःचाच मूळ पत्ता दिला, तर नियमाप्रमाणे काय होईल? तिच्या दप्तरातील प्रत्येक संदेश एक तर तिने पाठवलेला आहे किंवा तिला आलेला आहे. प्रत्येकाच्या एका टोकाला तिचाच पत्ता आहे. परिणामी आख्खे दप्तर तिच्यासमोर ओतले जाईल.

म्हणून विस्तारात अपवाद नोंदवावा लागला. शोधाचा पत्ता दप्तराच्या धन्याचाच असेल, तर पाठवणारा आणि मिळवणारा हे दोन्ही पत्ते जुळले तरच संदेश द्यावा. एका ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आला. तर्काच्या दृष्टीने हा बदल एका शब्दाचा आहे. पण नियम लिहिताना टोकाची उदाहरणे तपासली नाहीत, तर दोषाचा भार वापरकर्त्यावर पडतो, हे त्यातून स्पष्ट होते.

गटात नाव कुणाचे?

गटसंवादात गुंतागुंत आणखी वाढते. एक्सएमपीपीत गटाला स्वतःचा पत्ता असतो आणि तिरप्या रेषेनंतर उपकरणाची खूण येण्याऐवजी सदस्याने त्या गटासाठी घेतलेले टोपणनाव येते. पत्त्याचा आकार तोच, पण अर्थ पूर्ण बदललेला. व्यक्तिगत संवादात तिसऱ्या भागाकडे दुर्लक्ष केले तर एकाच माणसाची उपकरणे एकत्र येतात. गटात तेच केले तर वेगवेगळ्या माणसांची भाऊगर्दी होते.

टोपणनाव बदलता येते आणि एकाने सोडलेले टोपणनाव दुसरा घेऊही शकतो. आज ‘सरपंच’ या नावाने लिहिणारा सदस्य उद्या गट सोडून गेला आणि परवा दुसऱ्या कोणी तेच नाव घेतले, तर तंतोतंत जुळणीचा नियम दोघांचे बोलणे एकाच माणसाच्या नावावर जमा करील. यावर उपाय म्हणून एक्सएमपीपीच्या ४२१ क्रमांकाच्या विस्ताराने गटातील प्रत्येक सदस्याला न बदलणारी, पण खरा पत्ता उघड न करणारी स्वतंत्र खूण देऊ केली. टोपणनाव कितीही वेळा बदलले तरी खूण टिकते.

शोधाच्या नियमाला गोपनीयतेची बाजूही आहे. काही गटांमध्ये सदस्यांचे खरे पत्ते केवळ संचालकांनाच दिसतात. अशा गटाच्या दप्तरात कोणालाही खऱ्या पत्त्याने शोध घेऊ दिला, तर पत्ते न दाखवताही ओळख फुटते. एखादा पत्ता टाकायचा आणि कोणत्या टोपणनावाचे संदेश समोर येतात ते पाहायचे, एवढे पुरेसे असते. म्हणून ३१३ व्या विस्ताराने मर्यादा घातली. संदेश लिहिणारा कोण, हे जाणून घेण्याचा अधिकार ज्याला आधीपासूनच आहे, त्यालाच गटाच्या दप्तरात अशा प्रकारे शोधता यावे.

लिपी आणि आडनावे

एक्सएमपीपीचे पत्ते देवनागरीतही असू शकतात. २०१५ च्या पत्तारचनेच्या मानकाने युनिकोडमधील लिपींसाठी तुलनेचे नियम घालून दिले आहेत. मराठीपुरता त्यातील एक कंगोरा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात, तर दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडचे प्रमाणीकरण हा भेद मिटवत नाही.

शोध घेणाऱ्याच्या सोयीसाठी दोन्ही रूपे एकच मानावीत, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु खाते उघडताना सर्व्हरने ही रूपे वेगळी मानून दोन माणसांना दिली असतील, तर शोधाच्या वेळी ती एक मानणे म्हणजे एकाचे संदेश दुसऱ्याच्या नावावर चढवणे होय. खाते देताना आणि दप्तर धुंडाळताना समानतेची कसोटी एकच असली पाहिजे. ती बदलायची असेल तर आधी खाते देताना बदलावी.

गोमंतकीयांना हा प्रश्न अपरिचित नाही. पोर्तुगीज दप्तरात ‘प्रभू’चे ‘पोरोब’ झाले, ‘कामत’चे ‘कामोतीम’ झाले. आजही जुनी कागदपत्रे आणि एक-चौदाचा उतारा शेजारी ठेवले की एकाच घराण्याची नावे वेगळी दिसतात आणि वारसांना ते एकच असल्याचे सिद्ध करीत बसावे लागते. ही सिद्धता त्रासदायक असली तरी ती उघडपणे होते, तिला कागदाचा आधार असतो आणि तिच्यावर हरकत घेता येते. संगणकाने नावांच्या साधर्म्यावरून परस्पर अंदाज बांधला, तर हरकत घेण्याची संधीच उरणार नाही, कारण अंदाज बांधला गेला हेच कोणाला कळणार नाही.

क्रमांक तोच, धनी वेगळा

भारतात बहुतेकांचा संदेश-पत्ता म्हणजे मोबाइल क्रमांक, आणि क्रमांक फिरता असतो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ‘ट्राय’ने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. सुमारे ४५ दिवस निष्क्रिय राहिलेले खाते नव्या मोबाइलवर सुरू झाले तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते, ही व्हॉट्सॲपची पद्धतही त्याच सुनावणीत पुढे आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती याचिका निकाली काढताना, आपली माहिती वेळीच पुसण्याची जबाबदारी क्रमांक सोडणाऱ्याचीही असल्याकडे निर्देश केला.

ही व्यवस्था क्रमांकाच्या नव्या धन्याला जुन्याचे संदेश मिळू नयेत यासाठी आहे. दुसऱ्या टोकाचे काय? ज्यांनी जुन्या धन्याशी संवाद केला होता, त्यांच्या दप्तरात तो क्रमांक तसाच राहतो. नव्या धन्याने त्याच क्रमांकावरून संदेश पाठवला, तर केवळ पत्ता पाहणारा नियम तो जुन्या संवादाच्या खालीच जोडील. महिनोन्‌महिने बोटीवर असणारा खलाशी किंवा परदेशी स्थायिक झालेला गोमंतकीय रिचार्ज न केल्यामुळे भारतीय क्रमांक गमावू शकतो. त्याच्या कुटुंबीयांच्या, वकिलाच्या वा भागीदाराच्या मोबाइलमध्ये पुढे जे जमा होईल, ते त्याच्याच नावाखाली. सिमकार्डाची सक्ती आजचा संदेश कोणत्या सिमवरून आला हे पक्के करील, पण दोन वर्षांपूर्वी ते सिम कुणाच्या खिशात होते हे सांगणार नाही. त्यासाठी पत्त्यासोबत कालावधीही जुळवावा लागेल.

युरोपातील प्रयोगातून उलट बाजूची अडचण उभी राहते. एकाच माणसाचा एका सेवेवर मोबाइल क्रमांक आणि दुसऱ्या सेवेवर ईमेलसारखा पत्ता असेल, तर त्याच्याशी झालेला संवाद दोन धाग्यांत विभागला जाईल. ते एकत्र दाखवावेत की नाही, हे सेवेने परस्पर ठरवावे की वापरकर्त्याने, याचे उत्तर परस्परजोडणीच्या कायद्यातून आपोआप मिळत नाही.

पुरावा अखंड, पण पुरा आहे का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. प्रमाणपत्राच्या अनिवार्यतेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिक्कामोर्तब केले, ते जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, जुन्या पुरावा कायद्याच्या संदर्भात.

हॅश हा डिजिटल ठसा आहे. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. फाइल तयार झाल्यानंतर तिच्यात फेरफार झालेला नाही, याची तो ग्वाही देतो. ती फाइल दप्तरातून काढताना कोणता पत्ता आणि जुळणीचा कोणता नियम वापरला होता, याविषयी तो मौन पाळतो. धमकी मोबाइलवरून आली, माफीनामा संगणकावरून आला आणि शोध पूर्ण पत्त्याने झाला, तर न्यायालयापुढे धमकी येईल, माफीनामा येणार नाही. हॅश तंतोतंत जुळेल आणि संवाद तरीही अर्धाच असेल. यात कोणाचा दुष्ट हेतू असेलच असे नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने समोर दिसणारा पत्ता जसाच्या तसा शोधाच्या चौकटीत टाकला, एवढेही पुरेसे आहे.

नियम कसा असावा

या अनुभवातून काही तत्त्वे हाती लागतात. पहिले, दप्तराने संदेश ज्या पूर्ण पत्त्यावरून आला आणि ज्या पत्त्यावर गेला, ते त्या क्षणी होते तसेच जतन करावेत. साठवताना काटछाट केली, तर पुढे कोणताही नियम ती माहिती परत आणू शकत नाही. शोधाचे जाळे मोठे करायचे की लहान, हे विचारणाऱ्याच्या वेळी ठरावे.

दुसरे, पत्ता आणि माणूस यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. ‘हे दोन पत्ते एकाच व्यक्तीचे आहेत’ किंवा ‘अमुक तारखेनंतर हा क्रमांक दुसऱ्याचा आहे’ हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवले, ते दिसले पाहिजे व दुरुस्त करता आले पाहिजे. पत्ते जुळवण्याच्या नियमातच असे अंदाज दडवले, तर चूक शोधणे अशक्य होते.

तिसरे, चुकीची किंमत प्रसंगाप्रमाणे बदलते. वापरकर्ता स्वतःच्या मोबाइलवर एखादी जुनी पाककृती शोधत असेल, तर चार संदेश जास्त आले म्हणून बिघडत नाही, एक निसटला तर चिडचिड होते. दुसऱ्याला दप्तर दाखवण्याची परवानगी देताना मात्र एकही जादा संदेश जाता कामा नये. पुराव्यासाठी नोंद काढताना तर दोन्ही चुका गंभीर. या तिन्ही कामांना एकच नियम लावणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही.

चौथे, निकालासोबत नियमही सांगितला जावा. ‘मूळ पत्ता, सर्व उपकरणे, गटातील संदेश वगळून, अमुक ते अमुक तारीख’ अशी एक ओळ शोधाच्या निकालावर छापणे तंत्रदृष्ट्या क्षुल्लक आहे. ती साक्ष अधिनियमाच्या प्रमाणपत्रासोबत जोडली गेली, तर समोरच्या पक्षाला नेमका प्रश्न विचारता येईल.

एक्सएमपीपीचे हे नियम खुल्या दस्तऐवजात लिहिलेले आहेत. ते कोणालाही वाचता येतात, त्यांतील चूक दाखवता येते आणि ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ का आला, याचे कारणही समजते. कोट्यवधी भारतीय ज्या सेवांवर रोज बोलतात, त्यांच्या दप्तरात पत्ते कसे जुळवले जातात, हे तितक्या उघडपणे लिहिलेले नाही. युरोपने सेवांना दारे उघडायला लावली, भारताने सिमकार्ड हजर ठेवायला सांगितले. शोधाचा नियम जाहीर करा, ही मागणी त्या दोहोंपेक्षा लहान आहे आणि तिचा खर्चही नगण्य आहे. ‘या व्यक्तीशी झालेला सगळा संवाद’ असे न्यायालयात शपथेवर म्हटले जाते, तेव्हा ‘सगळा’ या शब्दाचा अर्थ शपथ घेणाऱ्याला तरी ठाऊक असायला हवा.